काठी टेकली आणि रेक सुटला

दिवाळी अंकात आपल्या कामाबद्दल लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. त्यांच्या पाठीशी आयुष्यभराचा अनुभव असतो, निरोप समारंभातली शाल असते. माझ्याकडे तसं काही नाही. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मालधक्क्यावरची माझी नोकरी अजून चालू आहे. म्हणून हे लिहायला घेताना कागद दोनदा बाजूला ठेवला. पण आमच्या मराठीच्या बाई म्हणाल्या, "गाडी उशिरा का येते, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. ज्याला उत्तर माहीत असतं तो लिहीत बसत नाही. तू लिही." म्हणून लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

दौंडहून मनमाडला जाणाऱ्या मार्गावर, नगर जिल्ह्यात, काष्टीपासून फार लांब नसलेलं आमचं स्टेशन आहे. नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीतली बरीचशी माणसं अजून तिथेच कामाला आहेत. प्रवाशांच्या फलाटापलीकडे, रुळांच्या दुसऱ्या बाजूला लांबच लांब दगडी ओटा दिसतो, तो मालधक्का. तिथे खत आणि सिमेंट उतरतं, कधीमधी साखर चढते. माल चढवण्या-उतरवण्याची व्यवस्था बघणारे एक एजंट आहेत, त्यांना आम्ही शेठ म्हणतो. मी शेठची कारकून. रेल्वेवाले, व्यापारी, ट्रकवाले आणि हमाल या चौघांच्या मध्ये उभं राहून एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजेल असं सांगायचं, हे माझं काम. गावात मला 'गाडीवाली ताई' म्हणतात. गाडी माझी नाही, ती माझं ऐकतही नाही, पण ती आली नाही की शिव्या मला बसतात.

आमचं घर खर्ड्याकडचं. आई-वडील दर वर्षी ऊसतोडीला जातात. कॉलेजची पायरी चढलेली घरात मी पहिली. माझं लहानपण साखर कारखान्याच्या अड्ड्यावर, नंबर येण्याची वाट बघणाऱ्या बैलगाडीखाली गेलं. त्यामुळे वाट बघण्याचं शिक्षण मला आधीच मिळालेलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. मालधक्क्यावर तेच उपयोगी पडलं.

बाहेरच्या माणसाला पहिली गोष्ट ही सांगावी लागते, की मालगाडीला टाइमटेबल नसतं. प्रवासी गाडी वेळेवर यायला हवी असते, मालगाडी वाट मिळेल तशी येते. एका ठिकाणी जोडलेल्या डब्यांच्या रांगेला रेक म्हणतात. आपण रिकामा रेक मागायचा आणि नंबर लावून बसायचं. तो रेक आधी कुठेतरी सिमेंट उतरवत असतो. तिथल्या व्यापाऱ्याचं गोदाम भरलेलं असलं की तो तिथेच अडकतो. सुटला तर इंजिन नसतं. इंजिन आलं तर पुढची लाइन मोकळी नसते. लाइन मोकळी झाली तर मागून एक्सप्रेस येते आणि आमच्या रेकला बाजूच्या रुळावर सरकवतात. फलाटावरचे प्रवासी मला विचारतात, पॅसेंजर का लेट? मी म्हणते, पुढे मालगाडी आहे. धक्क्यावरचे व्यापारी विचारतात, मालगाडी का लेट? मी म्हणते, पुढे पॅसेंजर आहे. दोन्ही उत्तरं खरी असतात, आणि दोन्हीकडे मला खोटारडी समजतात.

कामाला लागले त्या वर्षी एक खताचा रेक अगदी मागच्या स्टेशनात येऊन उभा राहिला. खरिपाची पेरणी तोंडावर, दुकानदार मोटारसायकली घेऊन तिकडे धावले. सिग्नल हिरवा, इंजिन चालू स्थितीत, आणि ड्रायव्हर आपली पेटी घेऊन खाली उतरलेला. त्याच्या ड्युटीचे तास भरले होते. एका दुकानदाराने त्याला हात जोडून सांगितलं की फक्त एवढा एक टप्पा काढा. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "शेठ, झोप आलेल्या माणसाच्या टेम्पोत तुम्ही बसाल का? मग माझ्यामागं तर दीड-दोन हजार टन हाय." नवा ड्रायव्हर येईपर्यंत जुन्यासाठी चहा त्या दुकानदारानेच मागवला. उशिराची काही कारणं अशी असतात की त्यांच्यावर रागावता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

काहींवर मात्र रागवावं की हसावं कळत नाही. एका व्यापाऱ्याचा साखरेचा रेक लागला. रेक धक्क्याला लागला की भरण्यासाठी ठरावीक तास फुकट मिळतात, त्यानंतर रेल्वे दंड लावते. हमाल उभे, ट्रक उभे, आणि हा व्यापारी खुर्ची टाकून बसलेला. कारण राहुकाळ चालू होता. मी दबकत जाऊन सांगितलं की घड्याळ सुरू झालंय. तो म्हणाला, "राहुकाळात भरलेला माल वाटेत अडकतो." शेवटी आमच्या हमालांच्या मुकादमांनी, बबनदादांनी, एक पोतं उचलून त्याच्याच खुर्चीपाशी ठेवलं आणि सांगितलं की हे मुहूर्ताचं आधीच चढलंय असं समजा, बाकीचं आता मोजू नका. तो हसला, उठला. माल तरीही वाटेत दोन दिवस अडकला. व्यापारी आजही म्हणतो, बघा, सांगितलं होतं.

पण मला सांगायचं आहे ते कांद्याच्या रेकबद्दल.

आमच्या धक्क्यावरून कांदा जाणं कधीच बंद झालं होतं. शेतकरी म्हणत, रेल्वेचा भरवसा नाही, कांदा नाशवंत, ट्रक बरा. गेल्या वर्षी उन्हाळ्याआधी आमच्या तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांनी एकत्र येऊन गट केला. बंगालच्या बाजूला थेट माल पाठवायचा त्यांचा विचार होता. शेठनी मला त्यांच्या बैठकीला पाठवलं. मारुतीच्या देवळापुढे सतरंजीवर पन्नासेक माणसं बसलेली, आणि उभी मी एकटी. गटाचे प्रमुख आप्पा, काटक, कमी बोलणारे. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"गाडी येळंवर येईल का?"

मी होय म्हणायला हवं होतं, असं मला नंतर शेठ म्हणाले. पण माझ्या तोंडून खरं ते निघालं. मी म्हटलं, "वेळेवर येईल असं नाही सांगता येत. पण धक्क्याला लागली की त्याच दिवशी भरून सुटेल. एवढा शब्द मी देते."

आप्पा म्हणाले, "येळंवर येईल म्हनली असतीस तर मी उठून गेलो असतो." आणि त्यांनी छोट्या रेकची मागणी नोंदवायला होकार दिला. हा रेक नीट गेला तर पूर्ण हंगाम आमच्या धक्क्यावरून, नाही तर परत ट्रक, असं ठरलं.

घरी परतताना मला आनंद झाला होता आणि भीतीही वाटत होती. आमच्या घरात कांदा पिकत नाही, विकत आणतात. दुसऱ्याच्या कांद्यावर मी माझा शब्द ठेवून आले होते.

तारीख निवडताना मी खूप काळजी घेतली. आमचे सगळे हमाल ओढ्यापलीकडच्या एकाच वाडीतले. चैत्रात वाडीच्या भैरोबाची जत्रा असते. मी जत्रेच्या चांगलं आठवडाभर आधीचा दिवस धरला. मनात म्हटलं, उशीर झाला तर होऊन होऊन किती होईल.

जेवढा व्हायला नको होता तेवढाच झाला. रेक आधी कुठेतरी सिमेंटखाली अडकला. मग त्यातल्या एका डब्याच्या चाकात दोष निघाला, तो काढून दुसरा जोडण्यात वेळ गेला. मग इंजिन दुसऱ्या कामाला गेलं. मी रोज आप्पांना फोन करून त्या दिवशीचं कारण सांगत होते. ते रोज "बरं" म्हणत होते. त्यांचं ते "बरं" दिवसेंदिवस लहान होत गेलं. आणि बरोबर जत्रेच्या दिवशी, सकाळी, आमच्या स्टेशन मास्तरांचा फोन आला की रेक धक्क्याला लागतोय.

मी पोचले तेव्हा कांद्याच्या ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. आप्पा धक्क्यावर उभे होते. रिकाम्या डब्यांची दारं उघडी होती. आणि एकही हमाल नव्हता.

मास्तरांनी अजून एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुढच्या भागात रुळांचं मोठं काम निघणार होतं. पहाटेआधी तो भाग ओलांडायचा तर गाडी संध्याकाळीच सुटायला हवी, नाही तर दोन दिवस जागेवर उभी. चैत्राच्या उन्हात बंद लोखंडी डब्यात कांदा दोन दिवस ठेवणं म्हणजे तो शिजवणंच. आधी त्याला घाम सुटतो, मग वास.

शेठ एका लग्नाला नाशिकला गेले होते. फोनवर म्हणाले, "ज्योती, रद्द कर. रिकामा जाऊ दे रेक. सडका कांदा बंगालला पाठवून नाव घालवण्यापेक्षा हे बरं." त्यांचं चूक नव्हतं. मी म्हटलं, "शेठ, दुपारपर्यंत थांबा. मी वाडीत जाऊन येते." ते म्हणाले, "जत्रेच्या दिवशी? तुला माहीत नाही का?"

मला माहीत होतं. वाडीचा रिवाज असा की जत्रेच्या दिवशी खांदा देवाचा. भैरोबाची उंच काठी सकाळी देवळातून निघते. ती परत येऊन कळसाला टेकेपर्यंत वाडीतला कुणी ओझं उचलत नाही. औत जुंपत नाहीत. बाया पाण्याची कळशीसुद्धा कमरेवरून आणतात, डोक्यावरून नाही. आणि दुसऱ्या कुणाला बोलावून माल भरावा, तर धक्क्यावर वाडीच्या टोळीशिवाय कुणी पोत्याला हात लावायचा नाही, हाही तितकाच पक्का नियम. तो मोडला असता तर पुढे कायमचं भांडण.

निघताना मी आप्पांना एक काम सांगितलं. कारखान्याच्या अड्ड्यावर गाड्यांना नंबर देतात तसे ट्रकांना नंबर द्या आणि एकेक ट्रक एकेका डब्याच्या दारासमोर, पाठ लावून उभा करा. गोणी जमिनीवर टेकूच द्यायची नाही, ट्रकातून थेट डब्यात. एकाचा रिकामा झाला की त्याच दारावर मागचा नंबर. आप्पा म्हणाले, "आन् भरणार कोन?" मी वाडीकडे बोट केलं. त्यांनी त्यांच्या गटातल्या एका पोरगेल्या शेतकऱ्याला मोटारसायकल काढायला सांगितलं आणि मी मागे बसले.

वाडीत काठी मधल्या आळीत आली होती. रंगीत फडकी बांधलेला तो उंच वेळू एकाने कमरेच्या पट्ट्यात धरलेला, आणि चार बाजूंनी चौघांनी दोर ताणून त्याचा तोल सांभाळलेला. एक दोर बबनदादांच्या हातात. दर घरापुढे काठी थांबायची, घरची बाई काठीवाल्याच्या पायावर पाणी ओतायची, गुलाल लावायची, मग काठी पुढच्या दाराला. बबनदादांना दोर सोडता येत नव्हता, म्हणून मी त्यांच्या बाजूने चालत बोलू लागले.

"दादा, रेक लागला."

"लागू दे की," ते म्हणाले. "ऱ्हायला आठ दिस बाहीर, आनि यायला ह्योच दिस घावला व्हय त्याला?"

मी सगळं सांगितलं. उद्याचं रुळांचं काम, कांद्याचा घाम, मी बैठकीत दिलेला शब्द. ते दोराकडे बघत ऐकत होते. त्यांना वाईट वाटलं हे दिसत होतं.

"ताई, काठी टेकस्तोवर हात न्हाई लावता येत. टेकली की सगळी टोळी आणतो, जेवायला बी थांबत न्हाई."

"कधी टेकते?"

"दिस मावळताना. समदी घरं घ्यावी लागत्यात."

दिवस मावळताना टेकली तर रेक भरायला वेळच उरत नव्हता. मी चालत राहिले. काठी थांबली, पाणी, गुलाल, पुढे. परत थांबली. बघता बघता मला ते आमच्या पॅसेंजरसारखं वाटू लागलं. छोट्यातल्या छोट्या स्टेशनावर थांबा आहे, म्हणून उशीर. मनात आलं ते बोलावं की नाही, मला समजेना. देवाच्या कामात बाहेरच्या मुलीने तोंड घालू नये. पण ट्रक उन्हात उभे होते.

मी हळूच विचारलं, "दादा, काठी दारोदार जाते ती पाण्यासाठी ना? सगळ्या बायाच कळशा घेऊन पारापाशी आल्या तर? सगळी घरं एकाच थांब्यावर."

बबनदादांनी पहिल्यांदा मान वळवली. बाकीचे तिघे दोरवालेही ऐकत होते. त्यांतला एक म्हणाला, "गाडीवाली देवाला बी गाडी समजाया लागली."

हसण्यात ते उडून गेलं असतं. पण बबनदादा म्हणाले, "माझ्या हातात न्हाई. शेवटची कळशी साळूआईची. तिची पडल्याबिगर काठी देवळाकडं वळत न्हाई. ती म्हनली तर व्हईल."

साळूआई वाडीच्या अगदी टोकाला राहते. मी गेले तेव्हा ती नवं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसली होती, पुढ्यात पितळी कळशी, चिंचेने घासून लखलखीत केलेली. काठी येईपर्यंत तिचा उपास. तिचा नवरा आयुष्यभर आमच्याच धक्क्यावर हमाल होता, आणि तो गेल्यावर तिनेही तिथे सांडलेलं खत झाडून गोळा करण्याचं काम पुष्कळ वर्षं केलं होतं. मी तिच्यापुढे खाली बसले आणि जमेल तसं सांगितलं. तिने मध्येच थांबवलं.

"धक्क्यावर काय आलंय म्हनलीस?"

"कांदा."

"कांदा? आपल्या धक्क्यावर?"

"हो."

तिने पदराने कळशी पुसली. "माझ्या मालकाच्या वक्ताला कांद्याच्या गाड्या लागायच्या. मंग समदं खतच झालं. खतानं हात जळत्यात, पोरी. कांद्यानं निस्तं डोळ्यात पानी येतं."

तिच्या उंबऱ्यावर दर वर्षी देव येतो, आणि मी तिला सांगत होते की या वर्षी येणार नाही. मला माझीच लाज वाटत होती.

मग तिने कळशी कमरेवर घेतली. "देव समद्यांच्या दारात येतो दरसाल. औंदा आपुन त्याच्याकडं जाऊ. त्याला काय राग येत न्हाई. राग मानसाला येतो."

ती आळीतून चालू लागली तसं प्रत्येक दारातून कुणीतरी विचारायचं, आई, कुठं? ती म्हणायची, पाराला. शेवटची कळशीच निघाली म्हटल्यावर बाकीच्या मागे कशा राहतील? पारापाशी पोचेपर्यंत तिच्यामागे अख्खी वाडी होती. काठीवाल्याच्या पायावर एवढं पाणी पडलं की तो चिखलात उभा राहिला. बबनदादा मोठ्याने म्हणाले, "म्हंजी औंदा देव फास्ट गाडीनं."

साळूआई म्हणाली, "फास्ट कशाला? मालगाडीवानी. मधी कुठं थांबायचं न्हाई."

मालगाडीच सगळीकडे थांबते, हे मी त्या वेळी बोलले नाही.

दुपार कलायच्या आधी काठी कळसाला टेकली. हलगी थांबली, आणि क्षणभर वाडीत कुणालाच काय करावं कळेना, कारण या वेळेला ती कधी टेकलीच नव्हती. मग बबनदादांनी दोर खाली ठेवला, खांद्यावरचा गुलाल झटकला आणि म्हणाले, "चला. खांदा मोकळा झाला."

आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा प्रत्येक दारासमोर एकेक ट्रक पाठ लावून उभा होता. सावलीची जागा सोडायला तयार नसलेल्या ट्रकवाल्यांशी आप्पांनी कशी भांडणं केली ते मला नंतर कळलं. तेव्हा त्यांचा घसा बसलेला होता. आणि आमच्या पाठोपाठ टोळी आली. डोक्याला फेटे, अंगावर जत्रेचे नवे सदरे, गुलालाने लाल झालेले सगळे. सदरे काढून ट्रकांच्या आरशांवर टांगले आणि कामाला लागले.

असं भरणं मी आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. रोज पोत्यागणिक विडी ओढायला थांबणारी माणसं त्या दिवशी धावत होती. हलगीवालाही मागोमाग आला होता. तो ओट्यावर बसून वाजवत राहिला आणि गोण्या त्या ठेक्यावर चढू लागल्या. गोणी जमिनीला टेकत नव्हती. एक ट्रक हलला की आप्पा बसलेल्या आवाजात पुढचा नंबर पुकारायचे. प्रत्येक गोणीवर गुलालाचे पंजे उमटत होते. तिकडे बंगालात ज्यांनी त्या उतरवल्या असतील, त्यांना काय वाटलं असेल, असा विचार अजून माझ्या मनात येतो.

मास्तरांचा फोन सारखा वाजत होता. वरच्या ऑफिसला हवं होतं, सकाळी लागलेला रेक दुपारपर्यंत रिकामा का उभा होता. मास्तरांनी मला विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, खरं सांगा. ते म्हणाले, "भैरोबा असं कारण त्यांच्याकडं नाही." मग त्यांनी मजूर नसल्याचं सांगून टाकलं. तेही खरंच होतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा शेवटचा डबा भरला. आणि त्याचं दार लागेना. वाटेत बदलून जोडलेला डबा तो हाच, आणि त्याच्या आधीच्या फेरीतला युरिया दाराच्या खाचेत साचून दगडासारखा झाला होता. डबे तपासणारा रेल्वेचा माणूस बॅटरी मारून बघून म्हणाला की दार लागलं नाही तर डबा काढून ठेवावा लागेल. डबा काढायचा म्हणजे गाडी तोडायची, परत जोडायची. तेवढ्यात संध्याकाळ संपली असती. दोघा-तिघांनी पहार घातली, पण खाच तशीच.

वाडीतल्या बाया नैवेद्याच्या पोळ्या घेऊन धक्क्यावर आल्या होत्या, टोळीतलं कुणी जेवलेलं नव्हतं म्हणून. बरोबर प्यायच्या पाण्याच्या कळशा. बबनदादांनी त्या बघितल्या आणि ओरडले, "पानी आणा. युरिया हाय त्यो, विरघळंल." साळूआई सर्वांत पुढे होती. तिने कळशी कमरेवरून काढली, डब्यापाशी उभी राहिली आणि विचारलं, "आता ह्याचं बी पाय धुवायचं का?"

"धुवा आई," बबनदादा म्हणाले.

तिने दाराच्या खाचेत धार धरली. मागून दुसरीने, तिसरीने. पांढरं पाणी खाली गळू लागलं. पहारीने खरवडत, पाणी ओतत, परत खरवडत, शेवटी दार कुरकुरलं आणि सरकत जाऊन बसलं. तपासणाऱ्या माणसाने हाताने ओढून बघितलं आणि मान हलवली. हलगी पुन्हा सुरू झाली.

पुढच्या चैत्रात काठी पुन्हा दारोदार फिरली, मी मुद्दाम बघायला गेले होते. तरी त्या एका वर्षी साळूआईचा उंबरा कोरडा राहिला, ही खंत माझ्या मनातून जात नाही. तिला एकदा तसं बोलले. ती म्हणाली, "कोरडा कशानं? माझं पानी मालकाच्या धक्क्यावर पडलं की."

इंजिन लागलं. ड्रायव्हरने मला सांगितलं की त्याचे तास मोजके उरलेत, लगेच सोडलं तर तो पुढच्या मोठ्या स्टेशनापर्यंत नेईल, नाही तर मधेच उभं राहायचं. नेमकी त्याच वेळी पॅसेंजरची वेळ. एरवी अशा वेळी कोण थांबतं हे मला सांगायची गरज नव्हती. मास्तर वरच्या ऑफिसशी बराच वेळ बोलले. बाहेर आले ते काही न सांगता सिग्नलकडे बोट दाखवत. पॅसेंजर आमच्या स्टेशनात फलाटाच्या मागच्या बाजूच्या रुळावर आली आणि थांबली. फलाट आणि धक्का यांच्या मधल्या मुख्य लाइनवर कांद्याच्या गाडीला हिरवा दिवा मिळाला.

मी तोपर्यंत पूल ओलांडून प्रवाशांच्या फलाटावर आले होते. आप्पा माझ्यामागे. पॅसेंजरमधली माणसं दारात येऊन वाकून बघत होती. खिडकीतल्या एका बाईने मला नेहमीचाच प्रश्न विचारला.

"का थांबवलीय हो गाडी?"

"मालगाडी पुढे काढायचीय."

"मालगाडीसाठी आमी थांबायचं? काय असं सोनं हाय तिच्यात?"

"कांदा आहे," मी म्हटलं.

इंजिनाने भोंगा दिला. एकेक डबा आमच्यासमोरून जाऊ लागला, दारांवर गुलालाचे पंजे, आणि शेवटच्या डब्याखालून अजून पाणी ठिबकत होतं. धक्क्यावर टोळी, बाया, हलगी, सगळे उभे. आप्पांनी टोपी काढून हातात धरली होती. बसलेल्या आवाजात ते एवढंच म्हणाले, "त्याच दिशी."

खिडकीतली बाई गाडी संपेपर्यंत बघत राहिली. मग तिने विचारलं, "कुनाचा हाय एवढा कांदा?"

आप्पा माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "आमचा."